फवारणी पंप बंद पडला? आधी मोटर बदलू नका

बॅटरीवरचा फवारणी पंप बंद पडला की निदान ठरलेलं: "मोटर गेली." मी उघडलेल्या पंपांत मोटर क्वचितच गेलेली असते.

एक पंप आला तेव्हा त्याच्या दोन मोटरी बदलून झाल्या होत्या. बटण दाबलं की एक झटका, मग नुसतं घूं घूं. "बॅटरी फुल आहे, 12.7 दाखवते," असं मालकाचं ठाम म्हणणं. पण पंप बंद ठेवून घेतलेलं रीडिंग मी मोजतच नाही. बटण चालू ठेवून मीटर बॅटरीला लावला: 12.4. मोटरच्या टोकांना लावला: 4. म्हणजे आठ व्होल्ट वाटेतच मुरत होते. वायर चाचपत गेलो, तर स्विचमागचं थिंबल (वायरच्या टोकाला दाबून बसवलेली धातूची टोपी) चटका बसेल इतकं तापलेलं. जरा ओढलं तर वायरच हातात आली. तांब्यावर हिरवा थर, आणि आतल्या तारांपैकी दोनच धड. तेवढा भाग कापला, काळी पडलेली तार टाकून चकचकीत तांबं लागेपर्यंत सोललं, नवं थिंबल दाबून बसवलं. मग पहिली, "गेलेली" मोटर लावून पाहिली. तीही चालली. दहा मिनिटांचा धीर नव्हता म्हणून दोन मोटरींचा खर्च झाला, याचं मला खरंच वाईट वाटतं.

मोटर चालू असताना बॅटरीवरच व्होल्टेज 10.5 च्या खाली जात असेल, तर आधी पूर्ण चार्ज करून पुन्हा मोजा. तरीही तसंच असेल तर बॅटरी संपली.

चार्जर लावताक्षणी हिरवा दिवा लागला की बॅटरी फुल समजून लोक खूश होतात. अहो, बॅटरी जोडलेलीच नसली तरी बहुतेक चार्जर हिरवाच दिवा दाखवतात. आधी पिन आणि वायर तपासा.

प्रेशर स्विचचा, म्हणजे दाब वाढला की मोटर थांबवणाऱ्या स्विचचा संशय आला तर ट्रिगर दाबून धरून त्याच्या दोन्ही वायरी क्षणभर एकत्र टेकवा. मोटर फिरली तर दोष स्विचचाच. पण त्या तशाच जोडून फवारणीला निघणारे मी पाहिलेत. ट्रिगर सोडल्यावरही मोटर दाब देत राहते आणि पाइप सांध्यातून सुटतो, औषध थेट अंगावर. हे करू नका.

फ्यूजच्या जागी तार घालू नका. शॉर्ट झाला तर वायरिंगच पेटतं.

पंप धुताना बॅटरी-वायरिंगच्या खालच्या कप्प्यावर पाण्याचा फवारा मारू नका.

हंगाम संपला की लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण चार्ज करून ठेवा आणि महिन्यातून एकदा पुन्हा चार्जिंगला लावा. मी ती पंपातून काढून घरातच ठेवतो, वायरींची टोकं टेपने झाकून.