घरी केलेल्या कार्बन फायबर बोर्डवर ग्राफिक्स आणि फिनिशिंग, माझा अनुभव

लाँगबोर्डचा (लांब स्केटबोर्डचा) डेक, म्हणजे उभं राहायची फळी, साच्यातून निघाला की काम संपलं असं मला पहिल्यांदा वाटलेलं, पण खरं तर निम्मं काम तिथून पुढे असतं आणि नवीन लोकांचे बोर्ड इथेच बिघडतात, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

सगळ्यात आधी धुवा. इपॉक्सी (कार्बनचं कापड घट्ट धरणारं रेझिन) सुकताना बऱ्याचदा वर मेणचट थर येतो, बोट फिरवलं की बुळबुळीत लागतो. तो कोमट पाण्याने आणि भांडी घासायच्या हिरव्या स्क्रबरने काढायचा, मगच सँडपेपर. तसंच घासलं तर तो थर आणि साच्याचं वॅक्स दोन्ही ओरखड्यांमध्ये जाऊन बसतं आणि पुढचा कोट माशाच्या डोळ्यासारखे गोल गोल खड्डे पाडत मागे सरकतो. घासून झाल्यावर पाणी ओतून बघायचं, पाणी सलग पसरलं तर पृष्ठभाग स्वच्छ, थेंब थेंब होऊन गोळा झालं तर परत धुवा. आणि कार्बनची धूळ फार वाईट, अंगाला खाज सुटते, फुफ्फुसात तर अजिबात जायला नको, त्यामुळे मास्क लावून पाणी मारत ओलंच घासायचं.

आता ग्राफिक्स. टिश्यू पेपरवर प्रिंट काढून तो रेझिनमध्ये बसवायचा ही पद्धत छान आहे, कागद रेझिन प्यायला की पारदर्शक होतो आणि फक्त शाई दिसते. पण हे पांढऱ्या फोमच्या बोर्डवर! मी केशरी रंगाचा पक्षी प्रिंट केला, कार्बनवर ठेवला, ब्रशने रेझिन लावलं आणि डोळ्यादेखत पक्षी गेला. तिरकं धरून बघितलं तर काळ्यावर चॉकलेटी डाग, बस. साध्या प्रिंटरमध्ये पांढरी शाई नसते, शाईचा रंग दिसतो तो मागच्या पांढऱ्या कागदामुळे, आणि मागे काळं आलं की संपलं.

म्हणून आधी खाली पांढरं लागतं. मी चित्राच्या आकाराचं मास्किंग करतो, म्हणजे टेप लावून बाकीचा भाग झाकतो, कडेने मिलिमीटरभर आत, म्हणजे पांढरी कड बाहेर डोकावत नाही, मग रेझिनमध्ये पांढरं पिगमेंट घालून रोलरने दोन पातळ हात. दुसरा हात बोटाला चिकटतो पण बोटावर येत नाही अशा अवस्थेत असताना टेप काढून टिश्यू ठेवायचा, वर साधारण 80 जीएसएमचं (चौरस मीटरला 80 ग्रॅम) फायबरग्लास कापड, मग रेझिन, आणि स्क्वीजी (रेझिन ओढायची रबरी पट्टी) मधून कडेकडे फिरवायची. चिकट असतानाच पुढचा थर दिला तर घासावं लागत नाही, दोन्ही थर एकमेकांशी रासायनिकरीत्या जोडले जातात. पूर्ण सुकू दिलं तर मात्र घासल्याशिवाय पुढे जाऊ नका. शाई रेझिनमध्ये पसरते का ते आधी तुकड्यावर बघा, लेझर प्रिंट सहसा पसरत नाही. साधं डिझाईन असेल तर अ‍ॅक्रेलिक पेंट मार्करने घासलेल्या पृष्ठभागावर थेट काढा, तेही मस्त दिसतं.

त्यावर रेझिनचा एक भरीव कोट, मग 220, 400, 600, 1000 नंबरच्या सँडपेपरने क्रमाने घासायचं. कापडाची वीण दिसायला लागली की थांबायचं आणि अजून एक कोट द्यायचा, नाहीतर सरळ चित्रावर पोचाल. कडेला तर जास्तच जपून, तिथे हात आपोआप जोर देतो.

एवढ्यावर सोडू नका, इपॉक्सी उन्हात पिवळी पडते आणि पांढऱ्या रंगावर ते लगेच कळतं. यूव्ही रोखणारा क्लिअर कोट हवाच. हार्डनर मिसळायचा टू-के क्लिअर सगळ्यात टणक, पण त्यात आयसोसायनेट (श्वासातून गेली तर घातक रसायनं) असतात आणि धुळीचा मास्क त्यांना अडवत नाही, त्यामुळे घरात त्याचा स्प्रे मारू नका असंच मी सांगेन. मी वन-के (हार्डनर न लागणाऱ्या) स्प्रेचे चार पातळ हात देतो, ओरखडे थोडे लवकर पडतात पण चालतं.

ट्रकची (डेकखाली चाकं धरणाऱ्या अ‍ॅल्युमिनियमच्या भागाची) भोकं पाडल्यावर आतून इपॉक्सी लावून बंद करा, कार्बन अ‍ॅल्युमिनियमला टेकला आणि ओल मिळाली की अ‍ॅल्युमिनियम गंजतं. बोर्ड बंद गाडीत उन्हात ठेवू नका, काळा पृष्ठभाग जाम तापतो आणि घरच्या तापमानाला सुकवलेली इपॉक्सी साधारण 50-60 अंशांना मऊ पडायला लागते. माझ्या दुसऱ्या डेकवर असंच कापडाची वीण वर उमटून आली, परत 400 पासून घासावं लागलं.