फिट येणाऱ्या मुलांची प्रश्नावली भरून घेताना या चुका टाळा

फिट किती आल्या हे डायरीत मोजता येतं. मूल कसं जगतंय हे मात्र विचारावंच लागतं, आणि ते कुणाला विचारतो यावर सगळं ठरतं. आमच्या ओपीडीत प्रबंधासाठी येणारे विद्यार्थी दरवर्षी पहिल्याच आठवड्यात एकच चूक करतात: मुलाला आईशेजारी बसवून प्रश्न विचारतात.

अशीच एक तेरा वर्षांची मुलगी आली होती. वर्षभरात एकही फिट नाही. "मैत्रिणींमध्ये मिसळतेस का?" असं विचारल्यावर आईच म्हणाली, "हो, मिसळते की." मुलीने मान हलवली. गुण उत्तम आले. विद्यार्थी खूश. मी तोच फॉर्म घेऊन तिला बाजूच्या खोलीत नेलं. बराच वेळ ती पेनाचं टोपण काढत-लावत राहिली. मग म्हणाली, "ताई, डबा खाताना माझ्या शेजारी कुणी बसत नाही. सहलीला बाई म्हणाल्या, आईला घेऊन ये. मग मी गेलेच नाही." आई खोटं बोलत नव्हती, तिला हे कधी कळलंच नव्हतं.

म्हणून मी दोन फॉर्म, दोन खोल्या हा नियम मोडत नाही. चेकॉल-२५ या, फिट येणाऱ्या मुलांच्या जगण्याचा दर्जा मोजणाऱ्या प्रश्नावलीत ८ ते १५ वर्षांच्या मुलांसाठी आणि पालकांसाठी वेगवेगळे फॉर्म आहेत, ते त्यासाठीच. क्यूओएलसीई-५५ ही त्याच कामाची दुसरी प्रश्नावली फक्त पालक भरतात. या प्रश्नावलीचे गुण 'मुलाचं मत' म्हणून लिहू नका. मुलाच्या आणि आईच्या गुणांची सरासरी तर कधीच काढू नका. त्या दोघांतली तफावतच डॉक्टरांना कळायला हवी.

दुसरी चूक उलट्या प्रश्नांची. 'आनंदी होता का' आणि 'चिडचिड करत होता का' या दोन्हींना 'नेहमी' असं उत्तर आलं, तर गुण सारखे कसे देणार? एकाने अशा प्रश्नांचे गुण न उलटवताच सगळी माहिती कॉम्प्युटरवर भरली आणि ज्यांना लेव्हेटिरासेटाम या फिटच्या औषधामुळे चिडचिड वाढली होती, तीच मुलं सर्वांत सुखी निघाली. प्रबंध द्यायला चार दिवस उरले होते. मी पहिले पाच फॉर्म कागदावर हाताने तपासते, मगच कॉम्प्युटर उघडते. घाई असणाऱ्यांना हे जुनाट वाटतं. वाटू दे.

'लागू नाही' म्हणजे शून्य नव्हे. तो प्रश्न सरासरीतून वगळायचा.

उपचाराआधी वडिलांनी आणि नंतर आईने भरलेल्या फॉर्मची तुलना करू नका.

११ ते १७ वयासाठीची क्यूओएलआयई-एडी-४८ ही प्रश्नावली आठ वर्षांच्या मुलापुढे ठेवू नका.

'नैराश्य' म्हणजे काय, हे प्रत्येक आईला वेगळ्या शब्दांत समजावत बसू नका. तपासलेलं मराठी भाषांतर घ्या आणि जसं आहे तसं वाचा.

'गेल्या चार आठवड्यांत' हे शब्द फॉर्मवर असतात, पण आया आठवडे मोजत नाहीत. मी आधी कॅलेंडर पुढे ठेवते, चार आठवड्यांपूर्वीच्या तारखेजवळचा सण किंवा घरातलं लग्न शोधते आणि म्हणते, "तेव्हापासून आजपर्यंतचं सांगा." आणि मे महिन्यात शाळेचे प्रश्न विचारू नका. सुट्टीत कुणालाच वर्गात त्रास होत नाही. मी ते फॉर्म जुलैपर्यंत थांबवते, विद्यार्थी कितीही कुरकुरले तरी.