होगार्थचं दारूचं चित्र कसं वाचावं, कसं तपासावं

आधी चषक मोजू नका. घड्याळ शोधा, मग हात पाहा. इंग्रज चित्रकार आणि तांब्यावर चित्रं कोरून छापणारा विल्यम होगार्थ, त्याच्या १७३३ मधल्या ‘अ मिडनाइट मॉडर्न कॉन्व्हर्सेशन’मध्ये घड्याळात पहाटेचे चार वाजलेत आणि पंच या मद्यपेयाच्या भांड्याभोवती अकरा पुरुष आहेत. खिशात वर्तमानपत्रं कोंबलेला एकजण पाइप पेटवायला जातो आणि स्वतःच्या बाहीची झालरच पेटवतो. राजकारणावर तावातावानं बोलणाऱ्याला मेणबत्ती कुठे आहे तेही दिसत नाही, हा टोमणा. पंच वाढायचं काम पाद्र्याकडे आहे. भोवळ येऊन पडलेला, पेंगणारा, ओकारी आलेला असे नमुने एकेक करून पाहत गेलात की नशेच्या पायऱ्या लागतात.

‘जिन लेन’ आणि ‘बियर स्ट्रीट’ (१७५१) मात्र शेजारी-शेजारी ठेवूनच पाहा. नजर सावकाराच्या दुकानावर ठेवा. जिनच्या गल्लीत त्याचा धंदा जोरात: सुतार करवत गहाण टाकतोय, बाई स्वयंपाकाची भांडी. बियरच्या रस्त्यावर त्याचंच घर मोडकळीला आलंय आणि बियरचा पेला दाराच्या भोकातून आत घ्यावा लागतोय. बियरला शाबासकी आणि जिनला शिव्या का, याचं उत्तर इथे मिळतं. जिनच्या विक्रीला लगाम घालणारा कायदा त्याच वर्षी झाला.

आता कागद, म्हणजे हातातली प्रत होगार्थच्या काळची आहे का ते. दहापट भिंगाखाली रेघेऐवजी ठिपक्यांची जाळी दिसली तर ती आधुनिक छपाई, पुढे बघायचं कारण नाही. रेघा सलग असतील तर कागद उजेडासमोर धरा. होगार्थच्या काळच्या कागदात साधारण अडीच सेंटिमीटर अंतरावर उभ्या रेघा दिसतात. गुळगुळीत, बिनरेघांचा कागद असेल तर ठसा बहुधा नंतरचा. पाटाच्या, म्हणजे चित्र कोरलेल्या तांब्याच्या पत्र्याच्या, कडेचा दबलेला चौकोन असला तर उत्तम. नसला तरी घाबरू नका, जुन्या संग्राहकांनी कडा सर्रास कापल्या आहेत.

सगळ्यात जास्त फसगत तारखेवरून होते. ती तांब्याच्या पाटावर कोरलेली असते, त्यामुळे पाट पन्नास-सत्तर वर्षांनी पुन्हा छापला तरी कागदावर १७५१ च उमटतं. १८२२ साली जेम्स हीथ या खोदकारानं हे पाट दुरुस्त करून छापले. दुरुस्त पाटावर सावल्या जड होतात, चेहऱ्यावरच्या बारीक रेघा बुजतात. म्हणून तारीख नव्हे, चेहरे तपासा.

चित्र आरशातल्यासारखं उलटं असेल तर ती चोरीची नक्कल असण्याचा संभव मोठा. छापील चित्रावरून थेट पाटावर कोरलं की ठशात डावं-उजवं उलटतं. अशा नकलांना वैतागूनच होगार्थनं छापील चित्रांच्या नकलेला बंदी घालणाऱ्या कायद्यासाठी खटपट केली. तो २४ जून १७३५ ला लागू झाला आणि ‘अ रेक्स प्रोग्रेस’ ही चित्रमालिका होगार्थनं मुद्दाम दुसऱ्या दिवशी बाहेर काढली. त्यातलं तिसरं चित्र, ड्रुरी लेनमधल्या रोज टॅव्हर्नचं, याच पद्धतीनं वाचून पाहा. तिथेही घड्याळ आहे.