पेनड्राइव्हवर लिनक्सचे सिमलिंक तुटतात? आधी टार करा

लिनक्समधलं सिमलिंक (दुसऱ्या फाइल किंवा फोल्डरकडे बोट दाखवणारी लिंक) असलेलं फोल्डर पेनड्राइव्हवर कॉपी करताना एरर येतो, कारण फॅट३२ आणि एक्सफॅट हे पेनड्राइव्हचे नेहमीचे फॉरमॅट सिमलिंक साठवूच शकत नाहीत.

१. टर्मिनलमध्ये टार कमांड सीझेडएफ पर्यायासह (tar czf) चालवून फोल्डरची एकच फाइल बनवा. लिंक आणि परमिशन तिच्यात शाबूत राहतात.
२. ती पेनड्राइव्हवर टाका. फाइल ४ जीबी किंवा मोठी असेल तर पेनड्राइव्ह फॅट३२ नको, एक्सफॅट चालेल.
३. दुसऱ्या लिनक्सवर आधी हार्ड डिस्कवर घ्या, मगच उघडा. पेनड्राइव्हवरच उघडलीत तर लिंक पुन्हा जातील.

विंडोजवर द्यायची असेल तर एफच्या आधी एच जोडा (tar czhf), म्हणजे लिंकच्या जागी खरी फाइल येते. हे फार कामाचं आहे.

जपून: एच न जोडता नेलेली, पूर्ण पाथ (फाइलचा पूर्ण पत्ता) असलेली लिंक दुसऱ्या मशीनवर तोच पाथ असेल तरच चालते.