आपल्या शाळेत मुलाला घालण्यापूर्वी

ज्या फाटकातून आपण पाचवी ते दहावी सहा वर्षे ये-जा केली, त्याच फाटकातून आपले मूलही दप्तर पाठीला लावून आत शिरावे, असे सोलापुरात वाढलेल्या अनेक आईवडिलांना मनापासून वाटते. मलाही वाटत होते. माझ्या मुलीच्या पाचवीच्या प्रवेशावेळी मी तिला विचारले, "तुलाही माझीच शाळा आवडेल ना?" तिने मान हलवली. तो होकार केवळ माझ्या समाधानासाठी होता, हे तिच्या आईने ओळखले. मला मात्र कळायला बरेच दिवस लागले.

म्हणून पहिले काम असे, की शाळा आजची म्हणून पुन्हा पाहून यावी. उन्हाळ्याच्या सुट्टीत रिकाम्या वर्गांतून फिरल्यास आठवणींखेरीज काही हाती लागत नाही. शाळा भरलेली असताना, शक्यतो मधल्या सुट्टीच्या सुमारास, मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन जावे. पिण्याच्या पाण्याच्या नळांना पाणी आहे का, मुलींची स्वच्छतागृहे वापरण्याजोगी आहेत का आणि पत्र्याच्या छपराखालचे वर्ग मार्चमध्ये किती तापतात, हे स्वतः पाहावे. माझ्या शाळेत प्रयोगशाळेतील काचेच्या बरण्यांवर धुळीचा थर होता, तो पाहून वाईट वाटले. पण वाचनालयाच्या नोंदवहीत आदल्याच दिवशी पाचवीच्या मुलांनी नेलेल्या पुस्तकांची अख्खे पान भरून नोंद होती. दोन्ही गोष्टी घरी जशाच्या तशा सांगाव्यात.

शिक्षकांविषयी नेमके विचारावे. अनुदानित शाळेतील शिक्षकांची पदे संचमान्यतेत, म्हणजे शिक्षण विभागाकडून होणाऱ्या पदांच्या मंजुरीत, विद्यार्थ्यांच्या पटावरून ठरतात, त्यामुळे पट घसरला की पदे कमी होतात आणि उरलेल्या शिक्षकांवर जास्तीचे विषय येऊन पडतात. गणित आणि विज्ञान आज कोण शिकवते, सेमी इंग्रजीची तुकडी आहे का, हे प्रश्न आपल्या काळातील सरांच्या आठवणींपेक्षा महत्त्वाचे आहेत. माध्यमाचा विचारही येथेच करावा. सोलापुरात मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणारी असंख्य घरे आहेत, आणि चौथीपर्यंत इंग्रजी माध्यमात शिकलेल्या मुलाला केवळ वडिलांच्या ओढीखातर पाचवीत माध्यम बदलायला लावणे त्याला जड जाऊ शकते.

"मी इथलाच विद्यार्थी" हे सांगून प्रवेशात सवलत मागू नये. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिक शिक्षणासाठी, म्हणजे आठवीपर्यंत, प्रवेशाकरिता मुलाची किंवा पालकांची चाळणी करण्यास आणि देणगी घेण्यास मनाई केली आहे. 2025-26 पासून राज्यभर अकरावीचे प्रवेश केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने होतात, आणि तेथील संस्थांतर्गत कोटा त्याच संस्थेतून दहावी झालेल्या विद्यार्थ्यांसाठी असतो. पालक कोठे शिकले, याला त्यात स्थान नाही. महाविद्यालयाबाबत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: आपल्या पदवीवर कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचे नाव असेल, पण 2004 मध्ये सोलापूरला स्वतंत्र विद्यापीठ झाले आणि तेच आता पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांच्या नावाने ओळखले जाते. इमारत तीच असली, तरी आपल्या वेळचा अभ्यासक्रम आणि परीक्षापद्धती आता तेथे नाही.

मुलाचे मत स्वतः विचारू नये. आत्या किंवा मामा यांच्याकरवी विचारावे, म्हणजे उत्तर मोकळे मिळते. त्यापूर्वी दोन-तीन शाळा दाखवाव्यात आणि घरापासून तेथवरचा रस्ता मुलासोबत एकदा प्रत्यक्ष, शाळेच्याच वेळी, जाऊन पाहावा. शाळेच्या गोष्टी सांगताना स्नेहसंमेलनातील बक्षिसांइतक्याच मोकळेपणाने सहामाहीत गणितात नापास झाल्याचेही सांगावे, नाहीतर मुलाला त्या शाळेत पाऊल टाकण्याआधीच आपल्याइतके चांगले ठरण्याचे दडपण येते.

मुलाने दुसरी शाळा निवडली, तर आपल्या शाळेशी असलेले नाते आपण स्वतः चालवावे. माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याला जावे, वाचनालयाला काय हवे ते ग्रंथपालांना विचारून तेच द्यावे. माझी मुलगी घराजवळच्या शाळेत जाते. दर जूनमध्ये मी जुन्या शाळेला पुस्तके देतो. गेल्या खेपेला तिने जमिनीवर बसून त्या सगळ्यांना खाकी कव्हरे घातली आणि प्रत्येकावर माझ्या शाळेचे नाव ठळक अक्षरांत लिहिले.