समुद्रातला दिवस, बंदरातला दिवस: भूमध्य समुद्रावरची लक्झरी क्रूझ नीट कशी करावी

इटलीतल्या चिवितावेक्कियाहून निघायचं, मेसिनाची सामुद्रधुनी ओलांडून ग्रीसकडे वळायचं, मग सँटोरिनी, रोड्स, तुर्कस्तानातलं कुशादासी आणि मिकोनोस करून अथेन्सच्या पिरेयस बंदरात उतरायचं, अशी आठ-दहा दिवसांची फेरी उदाहरणादाखल घेऊ. या फेरीत दोन जातींचे दिवस असतात: जहाज चालत असतं तो आणि जहाज बंदराला लागलेलं असतं तो. समुद्रातल्या दिवशी कार्यक्रमांच्या मागे धावणं आणि बंदरातल्या दिवशी नऊला उठून निवांत न्याहारी करणं, ही सर्रास होणारी गफलत. करायचं असतं ते बरोबर उलटं. आणि जहाजावरची स्वतःची कामं, म्हणजे कपडे धुणं, स्पा, पोहणं, बाकीचे लोक किनाऱ्यावर गेलेले असताना उरकायची असतात.

निघण्याआधी: व्हिसा आणि जेवण

भारतीय पासपोर्टवर या फेरीसाठी शेंगेन व्हिसा (इटली, ग्रीससह युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) लागतो आणि तो मल्टिपल एंट्रीचाच मागावा. जहाज कुशादासीला लागलं की तुम्ही शेंगेनच्या बाहेर पडता आणि मिकोनोसला पुन्हा आत येता. सिंगल एंट्रीचा व्हिसा असेल तर प्रवास तिथेच अडतो. त्यामुळे अर्जासोबत जहाजाचं पूर्ण वेळापत्रक जोडा आणि त्यातल्या तुर्कस्तानच्या थांब्यावर खूण करून ठेवा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. प्रवासविम्यात वैद्यकीय खर्चाची मर्यादा किमान ३०,००० युरो हवी. तुर्कस्तानच्या परवानगीचं काय करायचं, हे क्रूझ कंपनीकडून लेखी विचारून घ्यावं. कागद अपुरे निघाले तर चेक-इनच्या काउंटरवरूनच परत पाठवतात.

शाकाहारी किंवा जैन जेवण हवं असेल तर निघण्याच्या दीड-दोन महिने आधी ईमेलने कळवा. नुसतं ‘व्हेज’ लिहून भागत नाही. अंडं चालतं का, कांदा-लसूण चालतो का, सूपमध्ये चिकन किंवा माशांचा स्टॉक नको, जिलेटिन नको, असं एकेक लिहा. पार्मेजान चीजमध्ये वासराच्या जठरातलं, दूध गोठवणारं रेनेट असतं, त्यामुळे पास्त्यावर ते भुरभुरलं जाऊ नये हेही सांगावं लागतं. पहिल्या संध्याकाळी डायनिंग रूमच्या प्रमुखाला भेटून हाच निरोप पुन्हा द्या आणि दुसऱ्या दिवशीचं जेवण आदल्या रात्रीच ठरवून टाका. स्वयंपाकघराला एवढी सवड मिळाली की वरण-भात, भाजी, पोळीच्या जवळ जाणारं ताट समोर येतं. गोव्याची आणि मुंबई-कोकणातली पुष्कळ मंडळी क्रूझवर नोकरी करतात, स्वयंपाकघरातही असतात. ओळख निघाली की फोडणीसुद्धा नीट पडते. प्रवास आषाढी एकादशीच्या आसपास असेल तर साबुदाण्याची आशा ठेवू नये. उकडलेला बटाटा, फळं, दही आणि सुकामेवा यांवर उपास छान निभतो.

घरून चटण्या, मेतकूट, बाकरवडी न्यायला हरकत नाही, पण सगळं सीलबंद असावं. पेढे, श्रीखंड, तूप मात्र नेऊ नका; युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे.

चढण्याचा दिवस

सामान घाटावर द्यायचं असतं आणि ते खोलीत यायला संध्याकाळ होते. म्हणून औषधं, पासपोर्ट, चार्जर, पोहण्याचे कपडे आणि संध्याकाळचा एक जोड हातातल्या पिशवीत ठेवा. इस्त्री आणि पाणी उकळायची किटली बॅगेत सापडली तर काढून घेतात, कारण समुद्रावर आगीची भीती सगळ्यात मोठी. मल्टिप्लगचंही बहुतेक ठिकाणी तसंच होतं.

चढल्या चढल्या दोन कामं करा. पहिलं म्हणजे खास रेस्टॉरंटांची टेबलं राखून ठेवा. सीबर्न, सिल्व्हरसी, रीजेंट यांसारख्या लक्झरी कंपन्यांच्या जहाजांवर साधारण पाचशे ते साडेसातशे प्रवासी असतात. गर्दी कमी असली तरी छोटी रेस्टॉरंटं लगेच भरतात. दुसरं काम सुरक्षा कवायतीचं. सात लहान भोंगे आणि एक लांब भोंगा म्हणजे आणीबाणी. तेव्हा कुठल्या जागी जमायचं ते खोलीच्या दारामागे लिहिलेलं असतं. नुसतं वाचू नका, एकदा जिन्याने तिथवर चालत जा. २०१२च्या जानेवारीत कोस्टा कॉन्कॉर्डिया हे क्रूझ जहाज इटलीच्या जिल्यो बेटाजवळ खडकावर आदळून ३२ जण दगावले. त्याच दिवशी चढलेल्या कित्येक प्रवाशांची कवायत झालेलीच नव्हती. जहाज निघण्याआधी किंवा निघताक्षणी कवायत घेण्याचा नियम त्यानंतर आला.

खोलीत एक गोष्ट पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगून ठेवा: बाल्कनीचं दार उघडं असताना खोलीचं दार उघडायचं नाही. वाऱ्याचा झोत आरपार जातो आणि जड दार एकदम आपटतं, बोटं चेंगरतात. लहान मुलं असतील तर याची फार काळजी घ्यावी.

समुद्रातला दिवस

संध्याकाळी चिवितावेक्किया सोडलं की १८ नॉटच्या, म्हणजे ताशी सुमारे ३३ किलोमीटरच्या वेगाने जहाज दुसऱ्या दिवशी न्याहारीच्या सुमारास स्ट्रॉम्बोली या धुमसत्या ज्वालामुखीच्या बेटाजवळ येतं. पुढे दोनेक तासांत मेसिनाची सामुद्रधुनी लागते. सगळ्यात अरुंद जागी ती जेमतेम तीन किलोमीटर रुंद आहे. दक्षिणेकडे जाताना उजव्या हाताला सिसिली, डाव्या हाताला इटलीची मुख्य भूमी. हवा स्वच्छ असेल तर उजवीकडे एटना हा ज्वालामुखी दिसतो. तेव्हा या सकाळी खोलीत न बसता पुढच्या उघड्या डेकवर जा आणि विंडचीटर घाला. जहाजाचा वेग आणि समोरचा वारा एकत्र आले की जूनमध्येही हुडहुडी भरते.

त्यानंतरचा दिवस मोकळा ठेवा. दुपारी बाराच्या सुमारास कप्तान जहाजाची जागा, समुद्राची खोली, वारा आणि पुढचं हवामान सांगतो. ते ऐकाच, कारण उद्याचं बंदर होणार की नाही याचा पहिला अंदाज तिथे लागतो. दुपारी पुढच्या बंदरावरचं व्याख्यान असतं. पुरातत्त्व किंवा इतिहासाच्या जाणकाराने दिलेलं एक व्याख्यान ऐकलं तर कुशादासीजवळच्या एफेसस या प्राचीन शहराचे दगड नुसते दगड राहत नाहीत. उन्हाचं म्हणाल तर डेकवर वाऱ्यामुळे चटका जाणवत नाही आणि त्वचा मात्र भाजते. दर दोन तासांनी सनस्क्रीन लावावं.

पोटात ढवळण्याची भीती असलेल्यांनी बुकिंग करतानाच जहाजाच्या मध्यावरची, खालच्या मजल्यावरची खोली घ्यावी. टोकांना आणि वरच्या मजल्यांवर हेलकावा सर्वांत जास्त बसतो. एव्होमिनची गोळी उलटी सुरू झाल्यावर घेतली तर तीच उलटून पडते, म्हणून हलायला लागण्याच्या तास-दोन तास आधी घ्यावी. तीही डॉक्टरांना विचारून, कारण झोप येते आणि काही औषधांबरोबर ती चालत नाही. पोट रिकामं ठेवू नका. कोरडी बिस्किटं, आलेपाक, आणि नजर क्षितिजावर. फोनकडे बघत बसलं की मळमळ वाढते.

हात साबणाने धुणं हा जहाजावरचा सर्वांत महत्त्वाचा नियम आहे. जुलाब-उलटी करणाऱ्या नोरोव्हायरसवर अल्कोहोलच्या जेलचा फारसा परिणाम होत नाही. जुलाब-उलटी सुरू झाली तर लपवू नका. एक-दोन दिवस खोलीत राहावं लागेल, पण लपवल्याने सबंध जहाज आजारी पडतं.

स्पा आणि कपडे धुण्याच्या यंत्रांना या दिवशी हात लावू नये. लाँड्रीपुढे रांग असते आणि स्पाचे दर पूर्ण असतात. बंदरातल्या दिवशी स्पात सवलत मिळते आणि यंत्रं रिकामी असतात.

संध्याकाळी सहानंतर हाफ पँट चालत नाही. बायकांनी साडी, पुरुषांनी बंदगळा किंवा चांगला कुर्ता घातला तर सगळ्यात औपचारिक रात्रीलाही शोभून दिसतं. त्यासाठी कोट-टाय विकत घेण्याची गरज नाही.

बंदरातला दिवस उलटा मोजायचा

आधी बघायची ती परतीची वेळ. जहाज पाचला सुटणार असेल तर ‘ऑल अबोर्ड’, म्हणजे सगळ्यांनी जहाजावर परतलेलं असण्याची वेळ, साडेचारला असतं. तिथून मागे मोजत या. घाटावर पोचायची वेळ साडेतीन, परतीचा प्रवास एक तास, त्यावर रांगेसाठी अर्धा तास. म्हणजे दोनला पाय परतीकडे वळलेच पाहिजेत. उरलेल्या वेळात जे बसेल तेवढंच पाहावं.

घड्याळ जहाजाचं. इटलीहून ग्रीसला येताना वेळ एक तास पुढे जाते आणि फोन आपोआप कधी बदलेल याचा नेम नसतो. साधं मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेला लावून ठेवा. समुद्रात फोन एअरप्लेन मोडवर असू द्या, नाहीतर तो जहाजाच्या उपग्रह नेटवर्कला चिकटतो आणि रोमिंगचं मोठं बिल येतं. घरी फोन करायचा तर उन्हाळ्यात भारत ग्रीसच्या अडीच तास पुढे असतो, हे लक्षात ठेवा.

सँटोरिनीला जहाज धक्क्याला लागत नाही. कड्यांखालचा समुद्र एवढा खोल आहे की जहाज बाहेर उभं राहतं आणि लहान बोटींनी, म्हणजे टेंडरने, किनाऱ्यावर जावं लागतं. टेंडरमध्ये चढताना खलाशी हात पुढे करतो. त्याचा पंजा धरायचा नाही, त्याचं मनगट धरायचं आणि त्याने तुमचं. ओल्या हातांची पकड अशी सुटत नाही. बोट लाटेवर वर येते तेव्हा क्षणभर दोन्ही पृष्ठभाग समान होतात. खलाशी ‘आता’ म्हणाला की त्याच क्षणी पाऊल टाका, मध्ये थबकू नका. दोन्ही हात मोकळे हवेत, फोन खिशात, पिशवी पाठीवर.

जुन्या बंदरातून वर ‘फिरा’ नावाच्या गावात जायला तीन मार्ग: रोपवे, सुमारे ५९० पायऱ्या, किंवा खेचरं. रोपवे तीनेक मिनिटांत वर नेतो, पण एका खेपेत ३६ माणसंच मावतात. तीन मोठी जहाजं एका दिवशी आली की दुपारी खाली उतरायच्या रांगेत तास-दीड तास सहज जातो. म्हणून पहिल्या टेंडरने जा. ओइया गाव आधी गाठा, ते फिरापासून बसने अर्ध्या तासावर आहे. अकरापर्यंत तिथून निघा आणि जेवण फिराला घ्या. उतरताना रांग फार असेल आणि गुडघे चांगले असतील तर पायऱ्या उतरता येतात. मात्र त्या गुळगुळीत असतात, वर खेचरांची लीद, आणि खेचरं समोरून येतात तेव्हा भिंतीच्या बाजूला उभं राहावं लागतं. खेचरावर बसू नये. भर उन्हात दिवसभर माणसं वाहून त्यांचे फार हाल होतात.

जहाजातर्फे सहल घेतली तर तुम्हाला बेटावरच्या दुसऱ्या, अथिनिओस बंदरातून गाडीने वर नेतात, पण परतीला पुष्कळदा रोपवेपाशीच सोडतात. पैसे भरण्यापूर्वी हे विचारा.

कुशादासीत चित्र अगदी वेगळं. जहाज धक्क्याला लागतं आणि बाहेर पडलं की बाजार. एफेसस तिथून साधारण वीस किलोमीटर. टॅक्सीवाल्याला वरच्या दरवाजाशी सोडायला आणि खालच्या दरवाजाशी थांबायला सांगा, म्हणजे सगळी वाट उताराची होते. आधी भाव ठरवा आणि पैसे परत आल्यावर द्या. संगमरवरी रस्ता पावलांनी घासून काचेसारखा झाला आहे, त्यामुळे रबरी तळव्याचे बूट हवेत. सावली जवळपास नाही. माणशी एक लिटर पाणी आणि टोपी घ्या. सेल्ससचं ग्रंथालय हे ज्याचं त्याचं फोटोचं ठिकाण, पण टेरेस हाउसेसचं वेगळं तिकीट काढाच. श्रीमंत रोमन घरांच्या भिंतींवरची चित्रं आणि मोझेक तिथे छताखाली जागच्या जागी जपली आहेत, आणि गर्दीही कमी असते.

रोड्सला टॅक्सीची गरजच नाही, तटबंदीचा दरवाजा धक्क्यापासून चालत काही मिनिटांवर आहे. जहाजावर थांबून कपडे धुवायचे, स्पा करायचा, तर तो याच दिवशी: सकाळी शहर, दुपारी जहाज.

मिकोनोसचं गणित वाऱ्यावर. जुलै-ऑगस्टमध्ये एजियन समुद्रात उत्तरेकडून मेल्तेमी वारा वाहतो, दुपारी जोर धरतो, आणि कप्तान बंदर रद्द करतो. करारात त्याला तो अधिकार असतो. परत मिळतं ते फार तर बंदरशुल्क. म्हणून खासगी गाडी किंवा गाइड ठरवताना ‘जहाज आलं नाही तर पूर्ण पैसे परत’ हे लिहून घ्या. शांत समुद्र हवा असेल तर मे-जून किंवा सप्टेंबर निवडा.

उतरताना जहाजाचं कार्ड, पासपोर्टची झेरॉक्स आणि रोजच्या पत्रकावर छापलेला बंदर-एजंटाचा नंबर जवळ असू द्या. जहाज चुकलं तर धावाधाव न करता आधी त्या एजंटाला फोन करायचा. मूळ पासपोर्ट जहाजाकडे असेल तर बहुधा तो त्याच्याकडेच उतरवून ठेवतात. कंपनीच्या सहलीतून यायला उशीर झाला तर जहाज थांबतं किंवा पुढच्या बंदरात पोचवायची जबाबदारी कंपनी घेते. स्वतः फिरायला गेलेल्यांचा खर्च त्यांचा त्यांनाच. लांबच्या ठिकाणी कंपनीची सहल आणि गावातल्या गावात आपलं आपण, हा हिशेब बरा.

उतरण्याचा दिवस

आदल्या रात्री बॅगा दाराबाहेर ठेवायच्या असतात. त्याआधी उद्याचे कपडे आणि बूट बाजूला काढले का, ते बघा. सगळं बॅगेत भरून रात्रीच्या पायजम्यात उरलेली माणसं दर फेरीत असतात. बिल रात्रीच तपासा, सकाळी काउंटरवर झुंबड असते. या कंपन्यांमध्ये टिप बहुधा तिकिटातच धरलेली असते, तरी बिलात वेगळी लावली नाही ना हे पाहावं.

पिरेयसला जहाज सकाळी सहा-सातला लागतं आणि आठ-नऊपर्यंत उतरता येतं. परतीचं विमान दुपारी साडेबाराच्या आधीचं घेऊ नये. मेट्रोची ३ नंबरची लाइन पिरेयसहून थेट विमानतळाला जाते, साधारण तासाभरात. पण क्रूझ टर्मिनलपासून मेट्रो स्थानक चालत वीस-पंचवीस मिनिटांवर आहे. मोठ्या बॅगा असतील तर टॅक्सी आदल्या दिवशीच सांगून ठेवावी.