रातांब्याचं रोप नको, कलम लावा

आर्द्रा लागून माती वीत-दोन वीत खोल भिजली की रातांब्याचं, म्हणजे कोकमाचं, कलम लावायला घ्या. मृगाच्या पहिल्या सरींना भुलू नका. मध्येच आठ दिवस उघडीप पडली तर कोवळं कलम होरपळतं.

लावाल ते मात्र कलमच असू दे. कोकमात नर आणि मादी झाडं वेगळी असतात. बियांपासून उगवलेल्यांत जवळपास निम्मी नर निघतात आणि ते कळतं फुलल्यावरच, म्हणजे सात-आठ वर्षांनी. आमच्या विहिरीकडेला मी हौसेनं तीन रोपं लावली होती. आठ वर्षं शेण घातलं, पाणी घातलं. मग एका जानेवारीत फुलं जवळून बघितली, तर दोन झाडांवर नुसते घोस, प्रत्येक फुलात मधोमध पिवळ्या पुंकेसरांचा गोळा. फळाचा हिरवा बोंडुला फक्त तिसऱ्यावर दिसला. त्यातला एक नर परागासाठी ठेवला, दुसरा तोडताना जिवावर आलं.

मादी झाडाच्या काडीचं मृदकाष्ठ कलम (कोवळ्या रोपावर काडी बसवून केलेलं) चौथ्या-पाचव्या वर्षी फळ धरायला लागतं. घेताना रोपवाटिकेत विचारा, काडी उभ्या शेंड्याची की आडव्या फांदीची? उभ्या शेंड्याचं कलम सरळ वर चढतं, आडव्या फांदीचं जमिनीलगत पसरतं. परसात जागा कमी असेल तर उभंच घ्या. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या ‘कोकण अमृता’ आणि ‘कोकण हातीस’ या दोन जाती आहेत. हातीसचं फळ मोठं, अमृताची साल जाड. आमसुलं करायची असतील तर मी अमृता घेईन. आसपास कोकमाची झाडं नसतील तर एक नर कलमही लावा.

खड्डा दोन फूट लांब, रुंद, खोल. वरची माती, दोन घमेली कुजलेलं शेणखत आणि पालापाचोळा भरून जमिनीपेक्षा थोडा उंचवटा करा. कातळावर पाणी साचतं आणि मूळ कुजतं, म्हणून वरच्या अंगाला चर हवाच. कलमाचा जोड मातीत गाडू नका, वीतभर वर राहू दे. जोडावरची प्लॅस्टिकची पट्टी राहून गेली असेल तर ती काढा, नाहीतर खोड तिथेच आवळतं. जोडाखालून फुटवा आला की लगेच खुडा. तो खुंटाचा, म्हणजे ज्यावर काडी बांधली त्या खालच्या रोपाचा असतो, त्यानं जोर धरला तर कलम मागे पडतं.

कोकमाला लहानपणी सावली आवडते. माडाच्या, पोफळीच्या बागेत ते सुखानं वाढतं. उघड्यावर असेल तर पहिले दोन-तीन उन्हाळे माडाच्या झापांचा आडोसा आणि आळ्यात पाणी द्या.

फळं एप्रिलपासून पिकतात. वळिवाचा पाऊस लागला की ती गळून सडतात, म्हणून लालसर-जांभळी झाली की उतरवा. आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, करायचं तर साल वेगळी करून तिच्या वजनाच्या साधारण सहाव्या हिश्श्याइतकं मीठ चोळा, काचेच्या किंवा चिनीमातीच्या बरणीत आठवडाभर रोज ढवळा आणि गाळून घ्या. तांब्या-पितळेचं, अ‍ॅल्युमिनियमचं भांडं नको, आंबट रस धातू खातो. सरबतासाठी सालीच्या दुप्पट साखर घालून बरणी आठवडाभर उन्हात ठेवा. आमसुलांना वेळ लागतो. साल सुकवायची, गराच्या खारट रसात बुडवायची, पुन्हा सुकवायची, असं चार-पाच वेळा.

अंगावर पित्त उठलं की आमच्याकडे आमसुलाचं पाणी चोळतात. थंडावा मिळतो. पण ओठ-डोळे सुजले, श्वास लागला तर आमसूल शोधत बसू नका, तडक दवाखाना गाठा. रक्तदाब असणाऱ्यांनी आगळातल्या मिठाचा आणि मधुमेह्यांनी सरबतातल्या साखरेचा विचार करावा. कोकमाच्याच कुळातल्या फळांचा अर्क वजन उतरवण्याच्या गोळ्यांत विकला जातो. त्या गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. सोलकढी प्या, गोळ्या नकोत.

बिया फेकू नका. सुकवून, कुटून पाण्यात उकळा, पाणी थंड झालं की वर तरंगणारं तेल गोळा करून मुठीत वळा. हेच मुठेल. हिवाळ्यात टाचांच्या भेगांत रात्री कोमट करून भरा.